पहिला आकडा सकाळचा, दुसरा दुपारचा

मला जीप चालवायची होती. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाला हे सुचावं याचं आमच्या गावात सगळ्यांना हसू आलं. आत्याबाईंना तेवढं आलं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या म्हणाल्या, "चालव की. हातपाय हायती न्हवं धड?" एवढ्यावर त्यांच्या बाजूनं विषय मिटला. घोडं अडलं ते त्यांच्या लेकापाशी.

त्यांचा लेक म्हणजे आमचे फौजी. बावीस वर्षं त्यांनी लष्करात गाड्या चालवल्या, त्यातली बरीचशी बर्फात. आणि तेवढीच बावीस वर्षं मी आटपाडीच्या या भागात वडापच्या जिपेतनं फिरले. माणशी पैसे घेऊन नेणारी जीप म्हणजे वडाप. दहा जणांच्या जागेत अठरा माणसं, त्यात कुणाची तरी कोंबडी, आणि मी कायम मागच्या दाराशी, अर्धी आत आणि अर्धी परमेश्वराच्या हवाली. दर खेपेला मनात यायचं, नवरा मोठमोठ्या साहेबांना गाडीतनं फिरवतोय आणि बायकोला नीट बूड टेकायला जागा नाही. तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं. हे रिटायर झाले की गाडी घ्यायची आणि उजव्या बाजूला मी बसायचं.

हे रिटायर झाले आणि मिरजेहून एक जुनी डिझेल जीप घेऊन आले. रंग उडालेला, सीट फाटलेल्या, पण इंजिन ठणठणीत. मी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा यांच्या हातावर ठेवत तिथंच विचारलं, "मला कवा शिकवताय?"

"पहिलं मेंटेनन्स, मग स्टेअरिंग," फौजी म्हणाले. "फौजेत आल्या आल्या कुणाच्या हातात स्टेअरिंग देत न्हाईत."

"मी काय भरतीला आलीया व्हय?"

पण ते हटेनात. शेवटी अट ठरली. वर्षभर जिपेच्या ऑईलचा चार्ज माझ्याकडं. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मी ऑईल तपासायचं, ऋतू बघून कुठलं ऑईल घालायचं ते मी बघायचं. वर्षात इंजिनानं एकदाही ऑईलपायी तक्रार केली नाही, तर स्टेअरिंग माझं. केली, तर पुन्हा नाव काढायचं नाही. मी कृष्णाकाठची, उसाच्या रानातली. आमच्याकडं माणसं बोलायला गोड आणि हट्टाला पक्की. मी म्हटलं, "मंजूर."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात परेड सुरू झाली. मी पदर खोचून बॉनेट उघडायची, इंजिनातली ती लांब पट्टी बाहेर ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालून बाहेर काढायची आणि तिच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का बघायची. फौजी हात मागं बांधून शेजारी उभे. मग मी टाच आपटून ओरडायची, "आईल बराबर, साब!" शेजारच्या बायका भाकरी थापायच्या थांबून बघायला यायच्या.

तोवर मला वाटायचं, ऑईल म्हणजे ऑईल. त्यात पातळ आणि घट्ट असतं हे त्यांनी मला शिकवलं. थंडीत घट्ट ऑईल गोठल्यासारखं होतं, मग इंजिन फिरायला जड जातं. उन्हाळ्यात पातळ ऑईल आणखी पातळ होतं, मग ते लोखंडाला नीट धरून राहत नाही आणि आतले भाग एकमेकांवर घासतात. म्हणून हवा बघून ऑईल. इतकं सोपं होतं, आणि शिकवायचेही ते छान. त्या दिवसांत मला आमच्या फौजींचा फार अभिमान वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

घोळ झाला तो त्यांच्या तारखांचा. चार्ज माझा म्हणाले खरे, पण नोव्हेंबरची पहिली तारीख उजाडली आणि यांनी हुकूम सोडला, "आज विंटर ड्रिल." त्यांच्या युनिटमध्ये त्या तारखेला साऱ्या गाड्यांचं ऑईल बदलायचे म्हणे. मी म्हटलं, आवं, इथं अजून पंखा लावून झोपतोय आपण. पण नवशिक्या माणसानं किती बोलायचं? पाच-डब्ल्यू-तीस नावाचं पाण्यासारखं पातळ ऑईल आणलं आणि घातलं. हिवाळाभर जीप चावी लावायचा अवकाश की सुरू व्हायची. फौजी माझ्याकडं असे बघायचे, की बघ, याला म्हणतात अनुभव.

मग फेब्रुवारी गेला, मार्च आला. आटपाडीचा मार्च म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी पट्टी काढली की ऑईल तिच्यावरनं घळाघळा ओघळून जायचं.

"बदलायचं का?" मी विचारलं.

"तारीख आली न्हाई."

"कंची तारीख?"

"पंधरा मे. समर ड्रिल."

डोंगरावरचा बर्फ वितळतो मे महिन्यात. तिकडच्या बर्फासाठी ठरवलेली तारीख हा माणूस आटपाडीच्या मातीला लावत होता! बावीस वर्षं अंगात मुरलेली सवय. घरी आले तरी त्यांच्या डोक्यातलं पंचांग तिथलंच राहिलं होतं. मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले नाही. चूक तिथं झाली माझी.

एप्रिलात लोणंदला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. पुढं हे आणि मी, मागं आत्याबाई एकट्या ऐसपैस. म्हसवड, दहिवडी, फलटण करत भर दुपारी लोणंदच्या अलीकडे पोचलो आणि रेल्वेचं फाटक लागलं. समोरनं मालगाडी चाललेली, संपता संपेना. जीप जागेवर उभी, इंजिन चालू. आणि यांच्या समोर एक बारका लाल दिवा लुकलुकायला लागला. त्यावर तेलाच्या झारीचं चित्र. मला त्याचा अर्थ चांगला ठाऊक होता. उन्हानं ऑईल इतकं पातळ झालं होतं की त्याचा दाब टिकत नव्हता.

फौजींनी गुपचूप चावी फिरवून इंजिन बंद केलं. नुकसान काही झालं नव्हतं. मालगाडी गेली. मग हे समोर बघतच म्हणाले, "चार्ज तुझा हुता."

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तसं फार लागत नाही, पण त्या दिवशी पैठणीत घाम, डोक्यावर ऊन आणि वर हे वाक्य. फाटक उघडलं, मागं गाड्या हॉर्न मारायला लागल्या, आणि मी खाली उतरून रस्त्यात उभी राहून भांडले. पंधरा मेपासून सुरुवात केली ती त्यांच्या साऱ्या युनिटपर्यंत गेले. शेजारी एक वडाप उभी होती. तिच्यातली माणसं इतकी रंगून गेली की तिचा ड्रायव्हर निघायलाच तयार होईना.

तेवढ्यात मागनं आत्याबाईंचा आवाज आला. "थांबा गं, थांबा रं." आम्ही दोघंही गप्प झालो. आत्याबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. तीनशे मेंढरांना एका हाकेत वळवलेला आवाज तो, आम्ही दोघं म्हणजे कुठले.

"हुकूम कुणी दिला?" त्यांनी लेकाला विचारलं.

"मी."

"मग शिक्षा तिला व्हय रं? आसला न्याव मेंढरातबी नसतो." मग माझ्याकडं वळल्या. "आन् तुला दिसत हुतं तर गप का बसलीस? आता हितनं पुढं नवी बोली. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. कंचं आईल घालायचं ते हिचं ही ठरवंल, तू त्वांड उघडायचं न्हाई. पौषात औंधच्या यमाईला मुक्काम करून तिथनं निघूस्तवर गाडी कुरकुरली न्हाई, तर गाडी हिच्या हातात. काय?"

"व्हय," फौजी म्हणाले. आईपुढं त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा होतो.

साखरपुड्याला जायच्या आधी मी लोणंदच्या बाजारात जीप थांबवायला लावली आणि ऑईलच्या दुकानात शिरले. दुकानदारानं विचारलं, "कुणाच्या गाडीला पायजे?" मी म्हटलं, "माझ्या. सगळ्यात घट्ट द्या." ऋतूचा विचार त्यात काही नव्हता, नुसता राग होता. वीस-डब्ल्यू-पन्नास नावाचं काकवीसारखं ऑईल त्यानं दिलं. शेजारच्या गॅरेजात ते घालून घेतलं, पैठणी सावरत मी स्वतः उभी राहिले, आणि मांडवात पोचेपर्यंत भाचीला साखरसुद्धा भरवून झाली होती.

उन्हाळा मजेत गेला. लाल दिवा पुन्हा दिसला नाही. पावसाळा गेला. मी जमिनीच्या दोन बोटं वर तरंगत होते. अंगणातली परेड चालू होती, पण आता "आईल बराबर, साब" मी असं म्हणायची की त्यातला साब त्यांना टोचावा. दिवाळीत मला इतकी खात्री वाटायला लागली की आटपाडीला बाजाराला जाते म्हणून सांगून मी एक वेगळंच काम करून आले. ते काय, ते पुढं सांगते.

आणि मग डिसेंबर आला. त्या वर्षी थंडी जरा जास्तच पडली. एका सकाळी मी पट्टी बघितली, ऑईल बरोबर होतं. फौजींनी आत बसून चावी फिरवली आणि जीप म्हणाली, घँ... घँ... घँ... म्हातारं माणूस उठताना कण्हतं तशी. दुसऱ्यांदा तेच. जुनी जीप, तिची बॅटरीही थकलेली, त्यात ते काकवीसारखं ऑईल गारठून बसलेलं. तिसऱ्यांदा कशीबशी लागली.

फौजी एक शब्द बोलले नाहीत. बोलीच तशी होती. चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले आणि आभाळ बघायला लागले. मला वाटलं, निदान हसावं तरी यांनी. त्या गप्प बसण्यानं माझा जो जीव गेला, तो लोणंदच्या फाटकातही गेला नव्हता. औंधला तर मुक्काम करायचा होता, उघड्यावर रात्रभर गाडी गारठणार होती. तिथं सकाळी लागली नाही तर संपलं. पुन्हा मागच्या दाराशी, कुणाच्या तरी कोंबडीशेजारी.

"धरायचं का ह्ये कुरकुरनं?" मी आत्याबाईंना विचारलं.

"लागली न्हवं? मग न्हाई धरायचं." पण त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "फुडचं मातूर बघ बाई."

मला पहिल्यांदा सुचलं ते सोपं होतं. पुन्हा पातळ घालायचं. पण म्हणजे दर हिवाळ्याला पातळ, दर उन्हाळ्याला घट्ट, आणि मधल्या महिन्यांत तारीख कुणाची खरी मानायची? म्हणजे फिरून फौजींच्याच पंचांगावर येणार. ते मला मरेपर्यंत चाललं नसतं.

त्याच दिवशी आत्याबाईंना डोक्याला तेल हवं होतं. आमच्या चुलीच्या वर भिंतीत देवळी आहे, तिच्यात त्यांच्या तीन बाटल्या कायम असतात. खोबरेल, शेंगतेल आणि करडईचं. मी खोबरेलाची बाटली आणली तर ते पांढरं दगड झालेलं. मी ती चुलीपाशी धरून बसले आणि तोंडातल्या तोंडात बडबडत राहिले.

"कुनाला शिव्या देतीस?" आत्याबाई म्हणाल्या.

"तेलाला."

"त्याचं काय चुकलं? खोबरेल त्ये, थिजनारच." मग हात शेकता शेकता म्हणाल्या, "मेंढरांमागं जाताना मी कंचं तेल न्यायची, सांगितलं का तुला? कोकराच्या पायाला जखम झाली की हळद आन् तेल लावायचं. पहिल्या साली खोबरेल नेलं. सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडंना, कोकरू बोंबलतंय. तवापासनं करडईचं. गारठ्यात वतायचं झालं तर वततंय, आन् त्येच कढईत घाला. घोड्याच्या पाठीवरचा संसार, तीन तीन बाटल्या कुठं वागवू?"

त्यांनी जिपेचं नावही काढलं नव्हतं. पण माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. मी उठून अंगणात गेले आणि जिपेच्या पुढच्या कप्प्यात हात घालून आतला सगळा कचरा उपसला. तळाशी जिपेसोबत आलेलं जुनं पुस्तक होतं. पानं ग्रीसनं चिकटलेली. शेवया करताना वाफ देते तशी ती चहाच्या आधणावर धरून एकेक सोडवली. मजकूर इंग्रजी, मी दहावी पास, पण एका पानावर चित्र होतं ते कुणालाही कळलं असतं. खाली तापमानाचे आकडे, डाव्या टोकाला थंडी आणि उजव्या टोकाला ऊन, आणि त्यावर आडव्या पट्ट्या, एकेका ऑईलची एकेक. पाच-डब्ल्यू-तीसची पट्टी बर्फातनं निघून उन्हाच्या आधीच संपत होती. वीस-डब्ल्यू-पन्नासची उन्हात ऐसपैस आणि थंडीकडं आखूड. मधे एक पट्टी होती पंधरा-डब्ल्यू-चाळीसची. मोबाईलवर बघितलं, आमच्याकडं त्या सकाळी तापमान दहा अंश होतं. एप्रिलातली दुपार चाळिसाच्या वर जाते हे मला कुणी सांगायला नको. दोन्ही टोकांवर बोटं ठेवली. दोन्ही त्या एका पट्टीच्या आत आली.

तेव्हा मला ते आकडे कळले. पहिला आकडा सकाळचा, दुसरा दुपारचा. पहिला जितका लहान, तितकी गारठ्यातली सकाळ सोपी. दुसरा जितका मोठा, तितकं ऑईल उन्हात टिकणार. यांनी नुसती सकाळ बघितली होती, मी रागाच्या भरात नुसती दुपार. मी एकटीच अंगणात इतकी मोठ्यानं हसले की फौजी बाहेर येऊन बघून गेले. विचारलं काही नाही. बिचारे बोलीला जागत होते.

दुसऱ्या दिवशी करडईचं तेल जिपेत पडलं. म्हणजे पंधरा-डब्ल्यू-चाळीस. आमच्या घरात त्याला अजून करडईचंच म्हणतात.

पौषात औंधला गेलो. यमाईचं दर्शन झालं, आत्याबाईंनी ओटी भरली, पायथ्याशी ओळखीच्यांकडं मुक्काम केला. सकाळी उजाडताना बाहेर आले तर जिपेच्या काचेवर दवाचा थर आणि तोंडातनं वाफा. मी पट्टी ओढली, पुसली, घातली, काढली. बोटं बधिर झाली होती. "आईल बराबर," म्हटलं. साब म्हणायचं राहूनच गेलं. फौजी आत बसले. आत्याबाई शाल पांघरून डोंगराकडं तोंड करून हात जोडून उभ्या.

फौजींनी चावी फिरवली. एका फिरकीत इंजिन लागलं, आणि असं गोड धडधडायला लागलं की मी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. मला जोरात रडू आलं. आनंदानं आलं, सरळ सांगते. आत्याबाई देवीला म्हणाल्या, "झ्याक."

फौजी खाली उतरले. मागं जाऊन सीटखालनं काहीतरी काढलं आणि फडक्यात गुंडाळलेलं ते माझ्या हातात दिलं. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा, त्यावर लाल रंगानं काढलेला मोठा एल. शिकणाऱ्याच्या गाडीला लावतात तो. उलटा करून बघितला तर मागं अजून पाच-डब्ल्यू-तीसचं लेबल होतं. त्यांच्या त्या पातळ ऑईलचा रिकामा कॅन कापून केला होता.

"कवा केलासा?" मी विचारलं.

"दिवाळीत."

म्हणजे जीप सकाळी कण्हत होती आणि मी यांच्या गप्प बसण्यावर जळत होते, तेव्हाही हा एल सीटखाली तयार पडून होता. या माणसाला माझ्यापेक्षा माझा भरवसा जास्त होता. मी पिशवीतनं बटवा काढला आणि त्यातली घडी त्यांच्या हातात दिली. माझं लर्निंग लायसन्स. तेच ते दिवाळीतलं आटपाडीचं काम.

फौजींनी ते दोनदा वाचलं. मग माझ्यासमोर टाच आपटून त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला, औंधच्या रस्त्यात, कानटोपी घातलेल्या अवतारात.

गावाबाहेरच्या माळावर त्यांनी मला तासभर शिकवलं. पाच वेळा जीप बंद पडली, एकदा बांधावर चढली. मागनं आत्याबाई, "मेंढरू हाकल्यागत हाक, घाई नगं," असं सांगत होत्या. मग मायणीकडचा मोकळा रस्ता लागला आणि हे म्हणाले, "चल." डाव्या बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत कळेना, आणि दर वळणाला उजवा पाय जमिनीवर दाबून नसलेला ब्रेक मारत होते.

मायणीच्या अलीकडे एका फाट्यावर मी जरा थांबले. तिथं एक म्हातारी गाठोडं घेऊन वडापची वाट बघत उभी होती, गाठोड्यातनं एक कोंबडी मान बाहेर काढून बघत होती. म्हातारी नेहमीच्या सवयीनं सरळ पुरुषमाणसाकडं गेली आणि खिडकीतनं फौजींना म्हणाली, "दादा, फुडं सोडशीला का?"

फौजी म्हणाले, "मला काय इचारता? डायवरला इचारा."

म्हातारी वळसा घालून माझ्या बाजूला आली. मी खरं ते सांगितलं. "मावशी, आजच शिकलीया मी. बगा, बसायचं तर."

"आगं, त्यो वडापवाला तरी कुटं शिकलाय?" असं म्हणून तिनं मागचं दार उघडलं आणि कोंबडीला आधी आत ढकललं.